कणगीतलं घड्याळ

दुकानात शिरले की माझे हात आपोआप पाठीमागे जातात. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून मी उभी राहते आणि मानेनंच दाखवते, ते वरच्या फळीवरचं पातळ काढा, ते नाही, त्याच्या शेजारचं. दुकानदाराला वाटतं बाई भलतीच ऐटीत आहे. शाळेतल्या सोबतिणी तर चिडवतात, मॅडम दुकानातही कवायतीच्या 'विश्राम'मध्ये उभ्या राहतात म्हणून. मी हसून घेते. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतकी वर्षं शिकवते, पगार बँकेत येतो, हिंगोलीत दोन खोल्यांचं का होईना स्वतःचं घर आहे, तरी दुसऱ्याच्या वस्तूला आपला हात लागला तर काय होईल ही भीती माझ्या अंगातून गेलेली नाही. पर्समध्ये चुकून शाळेचा खडू आला, तर तो पेटीत परत टाकेपर्यंत मला चैन पडत नाही.

ही भीती मला याडीनं दिली. आमच्यात आईला याडी म्हणतात आणि बापाला बा. आमचा तांडा पुसेगावच्या पलीकडे. लहानपणी एकदा मी वर्गातल्या एका पोरीचं खोडरबर घरी घेऊन आले, सुगंधी होतं म्हणून. याडीनं मला दंडाला धरून त्या पोरीच्या दारापर्यंत नेलं आणि सगळ्यांसमोर ते परत द्यायला लावलं. तिनं मला मारलं असतं तर मी विसरून गेले असते. पण ती मारत नव्हती, ती थरथरत होती, आणि तिच्या हातातून ती थरथर माझ्या दंडात येत होती. एवढ्याशा रबरासाठी एवढं काहून, हे मला कळायला पन्नाशी जवळ यावी लागली.

झालं असं, की भावाला घरकुल मंजूर झालं आणि जुनं घर पाडायला काढलं. घरात एक कणगी होती, तुराट्यांची विणलेली, शेणमातीनं लिंपलेली, जुन्या काळी ज्वारी साठवायची ती. आता धान्य पत्र्याच्या कोठीत असतं, कणगी नुसती जागा अडवून उभी होती. पण याडी तिला हात लावू द्यायची नाही. दर दिवाळीला स्वतः लिंपायची, सुनेला जवळ येऊ द्यायची नाही. आम्ही म्हणायचो, म्हातारीचा जीव कणगीत अडकलाय. त्या दिवशी ती रानात गेली होती तेवढ्यात भावानं कणगी आडवी केली. बुडाचा लेप फुटला आणि त्यातून चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी माझ्या पायाशी पडलं.

मनगटी घड्याळ होतं. पुरुषी, गोल, चावीचं. पट्टा कुजून गेला होता, काच आतून धुरकटली होती, डायलवर तांबूस डाग पडले होते आणि काटे एकावर एक चिकटले होते. मी ते उलटं केलं. मागच्या झाकणावर काहीतरी लिहिलेलं असावं, पण कोणीतरी ते घासून घासून काढलं होतं. आडवे-उभे ओरखडे, मधेच धातूचा पिवळा रंग उघडा पडलेला, आणि अगदी कडेला बारीक ठिपके तेवढे शिल्लक.

याडी रानातून आली, माझ्या हातातलं घड्याळ बघितलं आणि जिथं होती तिथंच खाली बसली.

“आधी झाकून ठेव त्ये,” ती म्हणाली. “दार लाव.”

दार कुठलं लावणार? घर अर्धं पाडलेलं होतं, आभाळ दिसत होतं. मी घड्याळ पदराखाली घेतलं. याडीनं ओढणी पुढे ओढली आणि खालच्या आवाजात सांगायला लागली. ती आमच्याशी गोरमाटीत, आमच्या बंजारा बोलीत बोलते. तिचं बोलणं मी इथं तांड्याबाहेरच्या लोकांशी ती जशी बोलते तसं लिहिते आहे.

“तुझा बा विहिरीच्या कामावर गेला, ठाऊक हाय ना तुला?”

ठाऊक होतं. बा विहिरी खांदायचा. एक विहीर झाली की दुसऱ्या गावी दुसरी, माणसंही दर ठिकाणी वेगळी. वसमतकडच्या एका विहिरीत दरड कोसळली आणि तो गेला. मी तेव्हा इतकी लहान होते की मला त्याचा चेहरा आठवत नाही, आणि फोटो तर कुठून असणार.

“ज्यांनी त्याला आणलं, त्यांनी त्याची पिशवी बी आणली. पिशवीत धोतर, तंबाखूची डबी आन् हे. मागं अक्षरं व्हती. आपल्यात तवा कोणाला वाचता येत व्हतं? म्या कोणाला दाखवलंच न्हाई. त्यानं आधी निरोप धाडला व्हता, आलो की एक चीज दाखवतो, आताच कोणाला बोलू नको म्हणून. मला तवाच कसंतरी झालं व्हतं. विहीर खांदणाऱ्याकडं घड्याळ कुठून येतंय? आन् वर नाव घातलेलं. भांड्यावर ज्याचं नाव, त्याचं भांडं. घड्याळ बी तसंच ना?”

ती थांबली. मी काही विचारावं असं तिला वाटत नव्हतं, तरी मी विचारलं, मग घासलं कोणी?

“थोड्या दिसानं पोलीस आले. एका गावात मोठ्या घरी चोरी झाल्ती. चोरी कुठं बी होऊ द्या, गाडी तांड्यावर. दागिने गेले, भांडे गेले, आन् घड्याळ गेलं म्हणून सांगून राहिले व्हते. खालच्या अंगानं एकेक घर तपासत येऊन राहिले व्हते. म्या तुला काखेत घेतलं, पाट्यावर वाळू टाकली आन् घासत बसले. बोटं सोलून निघाली. मग कणगीच्या बुडाला लिंपून टाकलं. त्यांनी ज्वारी समदी उपसली, बुडाला न्हाई बघितलं. मग पलीकडच्या घरच्याला घेऊन गेले. लई मारलं त्याला. मागून सोडला, त्याचं काही नव्हतंच.”

पलीकडच्या घरचा तो माणूस मला माहीत होता. अजून आहे, पाय ओढत चालतो. तो समोरून आला की याडी वाट बदलायची, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो आणि त्यांचं काही जुनं भांडण असेल असं समजत होतो.

“म्हणजे बा...” मी म्हणाले.

“तुझा बा चोर व्हता,” याडी म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं ते वाक्य मनात किती वेळा म्हटलं असेल, ते तिच्या आवाजावरून कळलं. त्याला कुठेच अडखळ नव्हती. “त्या घराचं असंल, न्हाईतर दुसऱ्या कोणाचं. आता विहिरीत टाक ते आन् गप राहा. तुझी नोकरी हाय.”

माझी नोकरी आहे, हे तिनं बरोबर शेवटी ठेवलं. मी त्या शब्दाला घाबरते हे तिला माहीत आहे. तरी मी घड्याळ विहिरीत टाकलं नाही, पर्समध्ये टाकलं. मला खरंच भीती वाटत होती, ते खरं निघेल याची. पण कधीच कळणार नाही, आणि याडी हे असंच मनात घेऊन जाईल, याची भीती त्याहून जास्त होती. बा माझ्यासाठी कोणीच नव्हता, एक नाव होता नुसता. त्या नावावर हा डाग आहे की नाही, एवढं मला हवं होतं.

हिंगोलीत चावीच्या घड्याळांचं काम करणारे एक चाचा आहेत असं कळलं. दुकानात आता मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि फिरत्या स्टँडवर गॉगल. घड्याळांना कोपऱ्यातलं एक टेबल उरलंय. मी गेले तेव्हा स्टुलावर एक पोलीस शिपाई बसला होता. खाकी पाहिल्याबरोबर माझे पाय मागे फिरले होते, पण चाचांनी “या, मॅडम” म्हणून हाक मारली. तो आपला घड्याळाला पट्टा बसवून घ्यायला आला होता. मी पर्स उघडली आणि घड्याळ काचेवर ठेवलं.

चाचांनी आधी ते परदेशी ठरवलं. मग डोळ्याला भिंग लावून डायल पुसली आणि माघार घेतली. “न्हाई, आपल्या इथलंच. सरकारी कारखान्याचं. लई जुनं हाय पण. त्या जमान्यात ज्याच्या हाताला हे असंल, त्याला लोक वळून बघायचे.” त्यांनी ते उलटं केलं, भुवया वर गेल्या. त्यांनी ते शिपायापुढे धरलं. “साहेब, बघा की. पाठ कशी घासली. नाव असणार इथं.”

शिपायानं बघितलं. “नाव घासलंय म्हणजे माल चोरीचा,” तो म्हणाला आणि हसला. “काय मॅडम, कोणाचं उचललं?”

“आमच्या घरातलंच आहे,” मी म्हणाले. वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा माझा आवाज त्या टेबलापर्यंतही पोचेना.

“गाव कोणतं तुमचं?”

“हिंगोली.”

तांड्याचं नाव ओठांवर आलं नाही. त्यानं पुढे काही विचारलंही नाही. चाचांनी पट्टा बसवून दिला, त्यानं हात वळवून बघितला, पैसे दिले आणि गेला. साधी गंमत केली होती त्यानं. वयानं माझ्या विद्यार्थ्याएवढा पोरगा. आणि मी गॉगलच्या स्टँडला धरून उभी होते. कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणतात. ही म्हण ज्यानं काढली त्याच्या दारात कधी पोलिसांची गाडी थांबलेली नसणार. आमच्याकडे ज्यानं काही केलं नाही तोच आधी घाबरतो, कारण पोलीस नेणार त्यालाच असतात.

“मशीन धुवून देतो,” चाचा म्हणाले, “काच नवी टाकू, काटे मोकळे करू. आन् हे मागचं झाकण बदलून टाकू. मापाचं दुसरं हाय माझ्यापाशी, चकाचक. मंग कोणी इचारणारच न्हाई, काहून घासलं म्हणून.”

त्यांनी सहज म्हटलं, पण मला ते देवानंच म्हटल्यासारखं वाटलं. कोणी विचारणारच नाही. “बदला,” मी लगेच म्हणाले. घरी येताना मला मोकळं वाटत होतं. झाकण गेलं की गोष्टच संपली. याडीला सांगायचं, टाकलं विहिरीत. मला काय हवं होतं, कशासाठी मी एवढं धाडस करून गेले होते, ते सगळं एका शिपायाच्या हसण्यापुढे मी विसरून गेले.

संध्याकाळी भांडी घासत होते. परात उभी धरून आतून घासताना काठाशी बोटांना नेहमीसारखं टचटच लागलं. त्या परातीवर बाहेरून माझ्या मामाचं नाव आहे, लग्नात दिलेली म्हणून. पूर्वी भांड्याच्या दुकानात असं नाव घालून मिळायचं, माणूस छिन्नी धरून हातोडीनं बारीक ठोके द्यायचा आणि ठिपक्याठिपक्यानं अक्षर उमटायचं. पत्रा पातळ असला की तेच ठिपके आतल्या बाजूला उलटे वर यायचे. रोज ती परात घासते, रोज बोटांना लागतं. त्या दिवशी मात्र माझा हात तिथंच थांबला. घड्याळाच्या कडेला शिल्लक होते ते ठिपकेच होते. घड्याळावर नाव घालणारा कारागीर ठिपके कशाला देईल, तो रेघ कोरतो. हे भांडेवाल्याचं काम होतं. आणि याडीनं घासलं होतं ते बाहेरून.

मग मात्र मला वेगळीच भीती धरली. ते झाकण आपणच फेकायला सांगून आलो. पोलीस आले तेव्हा याडीनं जे केलं, तेच मी एका गमतीपुढे केलं होतं. चाचांचा फोन नंबरही माझ्याकडे नव्हता. मी जाऊन आले, तर दुकान बंद.

सकाळी शाळेत उशिरा येते म्हणून कळवलं आणि दुकानापुढे जाऊन उभी राहिले. समोरून नगरपालिकेची कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली आणि मला वाटलं, त्यातच असेल. चाचा आले, शटर वर केलं, माझा चेहरा बघून घाबरले. मी झाकणाचं विचारलं.

“ते? कालच काढलं की मशीन धुताना. डब्यात असंल,” ते म्हणाले. “न्हाईतर झाडताना गेलं असंल.”

त्यांनी एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा पेपरवर उपडा केला. गोल झाकणं, स्प्रिंगा, फुटक्या काचा, बारीक चाकं. मी वाकून बघत होते आणि माझे हात पाठीमागे होते. चाचा वैतागले. “असं कसं सापडंल, मॅडम? हात लावा की!”

मी हात लावला. एकेक झाकण उलटत गेले. बहुतेक गुळगुळीत. ओरखड्यांचं एक हाताला आलं, तेव्हा ते पडेल म्हणून मी ते मुठीतच घट्ट धरलं. आतल्या बाजूला काळा मळ बसला होता. चाचांनी ब्रश पेट्रोलमध्ये बुडवून तो साफ केला आणि तिरप्या उजेडात धरला. ठिपके होते. बारीक, वर आलेले, ओळीनं. अक्षरं उलटी, त्यामुळे काही कळेना. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण मला लागला. गॉगलच्या स्टँडवर एक छोटा आरसा होता, गिऱ्हाइकाला तोंड बघायला. त्याच्यापुढे मी झाकण धरलं.

मी वाचायला घाबरत होते हे खरंच सांगते. पहिलीच्या मुलासारखं एकेक अक्षर, मधे थांबून. वरच्या ओळीत आधीचं फिकट होतं, पण 'शहापूर' स्पष्ट होतं, म्हणजे शिरड शहापूर असणार. सगळ्यात खाली होतं 'यास भेट'. आणि मधल्या ओळीत एक नाव होतं. ते मी शाळेत घातल्यापासून लिहीत आले होते. माझ्या दहावीच्या, बारावीच्या, डीएडच्या प्रत्येक कागदावर माझ्या नावापुढे ते आहे.

“कोणाचं निघालं?” चाचांनी विचारलं.

“माझ्या बाचं,” मी म्हणाले, आणि त्यांच्या दुकानात, मोबाइलच्या कव्हरांसमोर, तोंडाला पदर लावून रडले. चाचा बिचारे पाण्याची बाटली शोधत राहिले. नवं झाकण बसवू नका एवढंच मी त्यांना सांगितलं. हे लिहिताना ते घड्याळ माझ्या हातावर आहे, जुन्याच झाकणाचं. दिवसभरात थोडं पुढे पळतं, पण चालतं.

त्या दिवशी मात्र मी नुसतं झाकण कागदात गुंडाळून घेतलं आणि पुसेगावची गाडी धरली. शाळेत गेलेच नाही. गाडीत बसेपर्यंत आनंद होता. मग भीती आली, आणि ती आधीच्या सगळ्या भीतींहून वाईट होती. याडीला मी काय सांगणार होते? बा चोर नव्हता, हे. पण त्याच्या पाठोपाठ दुसरंही सांगावं लागणार होतं, की जे नाव तिनं बोटं सोलून निघेपर्यंत घासलं, ते त्याचंच होतं. त्याच्यावर कोणी आळ घेतला असता, तर तेवढं एक नाव त्याच्या बाजूनं बोललं असतं. आणि इतकी वर्षं तिनं ज्या माणसाला मनात चोर म्हटलं, तो तिला दाखवायला एक चीज घेऊन येत होता. ती म्हातारी आहे, रक्तदाबाच्या गोळ्या घेते. नरसीच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा उतरून परत जावं असं मला फार वाटलं. चहाच्या दुकानाकडे बघत मी बसून राहिले, आणि गाडी निघाली.

याडी नव्या भिंतींच्या सावलीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी कागद सोडला. झाकण दिसताच तिनं ते ओढणीखाली घेतलं.

“कोणी इचारलं का?”

“नाही.”

“मालक सापडला?” तिचा चेहरा उतरला होता.

“सापडला,” मी म्हणाले. आणि मग थांबता येईना. “बाचंच आहे, याडी. आतून उमटलंय, मी वाचलं. शिरड शहापूरचं नाव आहे वर, मग बाचं, आणि खाली भेट म्हणून लिहिलंय. त्याला दिलं होतं ते लोकांनी.”

ती शेंगा सोलायची थांबली नाही. दाणे सुपाच्या बाहेर पडत होते, ते तिला दिसत नव्हते. मी तिच्या छातीकडे बघत होते, श्वास नीट चाललाय का म्हणून.

“तिथल्या विहिरीला पाणी लागलं व्हतं,” ती म्हणाली. “लई लागलं म्हणून बी सांगून धाडलं व्हतं त्यानं.”

मग तिनं ओढणीखालून झाकण काढलं आणि माझ्यापुढे धरलं. कुठून कुठपर्यंत त्याचं नाव आहे, असं विचारलं. मी तिचं बोट धरलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत त्या ठिपक्यांवरून नेलं. तिनं बोट उचललं नाही. परत स्वतःच मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं.

“खोल व्हतं गं,” याडी म्हणाली. “म्या घासून राहिले व्हते, पन निघतच नव्हतं.”